तरुणांमधील लठ्ठपणा : उपचार हवा, उपहास नको



शरीराच्या आकारावरून माणसाला हाक मारण्याची सवय मराठी समाजाला नवी नाही. लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडी पडद्यावरून आपल्याकडे आली आणि पाहता पाहता ‘जाड्या-रड्या’ होऊन गेली. वर्गातला ‘ढोल्या’, शेजारची ‘टुणटुण’, कचेरीतले ‘पिंप’ ही नावे ठेवणाऱ्यांच्या मनात बहुधा विष नसते. शिवाय हीच भाषा प्रसंगी ‘खात्यापित्या घरचा’ असे कौतुकही करते. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ज्या गुबगुबीतपणाची घरोघरी दृष्ट काढली जाते, त्याच गुबगुबीतपणाची अठराव्या वर्षी टिंगल होते. मधल्या काळात त्या मुलाने अथवा मुलीने कोणता अपराध केला, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच ‘अष्टौनिन्दितीय’ असे आहे. अति उंच, अति ठेंगणा, अंगावर अति केस असलेला, मुळीच केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश अशा आठ प्रकारच्या देहांना लोक नावे ठेवतात, असे तेथे आरंभी नोंदविले आहे. ही झाली लोकनिंदेची यादी. परंतु त्यानंतर ग्रंथकार वैद्याच्या भूमिकेत शिरतो आणि आठांपैकी केवळ स्थूल व कृश या दोघांचाच विस्ताराने विचार करतो, कारण उपचाराची गरज या दोघांना आहे. स्थौल्याची कारणे सांगताना अति आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्या जोडीला तो ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण देतो. आईबापांकडून आलेल्या बीजाचा यात वाटा असतो, ही जाण एवढी जुनी आहे. निंदा आणि चिकित्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्या अध्यायातील खूण आपण पुढे विसरलो.

प्रश्न लहान नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. महाराष्ट्रात हे प्रमाण स्त्रियांमध्ये २३.४ टक्के आणि पुरुषांमध्ये २४.७ टक्के आढळले. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या निघाल्या. एकाच राज्यात, क्वचित एकाच घरात, एकीला अन्न पुरेसे मिळत नाही आणि दुसरीला ते बाधते, असे हे दुहेरी संकट आहे. त्यामुळे लठ्ठपणा हा केवळ सुखवस्तूंचा आजार आहे, ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. स्वस्त तळलेले पदार्थ, गोड पेये आणि बैठे काम यांना श्रीमंतीची अट नसते.

येथे ‘प्रमाण’ म्हणजे काय, हे सांगणे आवश्यक आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा मिळतो, त्याला बॉडी मास इंडेक्स अथवा बीएमआय म्हणतात. हे गणित एकोणिसाव्या शतकातील केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचे. ते त्याने लोकसमूहाच्या अभ्यासासाठी मांडले होते, एकेका माणसाचे निदान करण्यासाठी नव्हे. त्याला आजचे नाव मिळाले ते १९७२ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे ॲन्सेल कीज यांच्यामुळे. जागतिक पातळीवर २५ ही अतिवजनाची आणि ३० ही लठ्ठपणाची सीमा मानतात. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २००९ साली ती अनुक्रमे २३ आणि २५ अशी खाली आणली, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सुचविले.

ही सीमा खाली आणण्यामागील कारणांचा शोध बराचसा पुण्यात लागला, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बालके यांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडील बाळे सर्व बाबतींत लहान होती, त्यांचे स्नायू तर फारच कमी होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला रोड, पण आतून मेदयुक्त. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांची छायाचित्रे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी प्रसिद्ध झाली. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. डोळ्यांनी पाहून कोणाला लठ्ठ आणि कोणाला सडपातळ म्हणायचे, या आपल्या रोजच्या निवाड्याची किंमत किती, हे त्या एका चित्राने दाखवून दिले. ज्याला आपण ‘काडी पहिलवान’ म्हणतो त्यालाच मधुमेह गाठू शकतो, आणि ज्याला ‘हत्ती’ म्हणतो त्याच्या रक्ताचे अहवाल निर्दोष असू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका आयोगाने हाच धागा पुढे नेला. केवळ आकड्यावरून निदान करू नये. चरबी वाढली आहे परंतु अवयवांचे कार्य बिघडलेले नाही ही एक अवस्था, आणि सांधे, श्वसन, यकृत, हृदय अथवा दैनंदिन हालचाली यांवर प्रत्यक्ष परिणाम झाला आहे ही दुसरी अवस्था, असा भेद करावा, अशी त्यांची शिफारस आहे.

आता सर्वांत जुन्या आक्षेपाकडे वळावे लागेल. ‘तोंडावर ताबा ठेवला की झाले’ हा तो आक्षेप. उपदेश म्हणून हे वाक्य सोपे आहे. शरीरशास्त्र म्हणून ते अपुरे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, उपरोक्त ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीने आलेले, निर्धाराचे पक्के होते. युद्धात शस्त्र न धरण्याच्या आपल्या तत्त्वासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला होता. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर त्यांचे मन अन्नाभोवती फिरू लागले. जेवणाच्या गप्पा, पाककृतींची पुस्तके, ताट चाटूनपुसून स्वच्छ करणे, चिडचिड, खिन्नता हे सारे दिसू लागले. निर्बंध उठल्यावर कित्येकांची भूक दीर्घकाळ शमेना. एवढ्या मनोनिग्रहाच्या तरुणांची ही स्थिती झाली, तर परीक्षेच्या आणि नोकरीच्या विवंचनेत असलेल्या सामान्य मुलामुलींनी केवळ इच्छाशक्तीच्या बळावर वर्षानुवर्षे भुकेशी झुंजावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

याचे कारण पुढे कळले. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी हे संप्रेरक स्रवतात आणि शिल्लक किती आहे याची वर्दी मेंदूला देतात. चरबी घटली की वर्दीचा सूर बदलतो. मेंदू त्याला दुष्काळ समजतो, भूक वाढवितो आणि खर्चाला कात्री लावतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली दाखविले की, वजन उतरविल्यानंतर एक वर्ष लोटले तरी भूक वाढविणारे हे बदल कायम होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून अनुवंशिकतेचा मोठा वाटाही सिद्ध झाला आहे. बीज तेच, पण जमीन बदलली की पीक बदलते. गेल्या चाळीस वर्षांत बदलली ती जमीन.

पुण्यातील स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या अभ्यासिकेचा विचार करावा. सांगली, बीड, नांदेडकडून आलेला मुलगा घरी शेतात राबत होता, शाळेला सायकलने जात होता. येथे तो सकाळपासून रात्रीपर्यंत एका खुर्चीत बसतो, मेसचा डबा खातो, मधल्या वेळी चहा आणि वडापाव, रात्री जागरण. निकाल लांबत जातो, वजन वाढत जाते. रात्रपाळीच्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. सणाला गावी गेल्यावर पारावर पहिला प्रश्न येतो तो अभ्यासाचा नव्हे, ‘पुण्याचं पाणी लई मानवलं म्हणायचं!’ हा. सगळे हसतात. तोही हसतो, आणि पुढच्या सणाला जाण्याचे टाळतो.

मुलींच्या वाट्याला याहून अधिक येते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वजनाची चौकशी कधी उघड होते, कधी ‘फोटोत बारीक दिसत होती’ अशा शब्दांत होते. आई जेवताना ताटातील पोळी मोजते, आत्या लग्नाच्या तारखेपर्यंतचे महिने मोजते. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील केस आणि वाढते वजन ही पीसीओएस या विकाराची लक्षणे असू शकतात. परंतु तिकडे लक्ष जाण्याआधी मुलीला आळशी ठरविले जाते. २०१६ साली सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’ या मराठी चित्रपटाने दोन मैत्रिणींच्या वजन घटविण्याच्या खटपटीला पडद्यावर मध्यवर्ती स्थान दिले, ते उगीच नव्हे.

थट्टेने माणूस शहाणा होतो आणि वजन उतरविण्यास प्रवृत्त होतो, असे कित्येक पालक प्रामाणिकपणे मानतात. ही समजूत तपासून पाहिली गेली आहे, आणि तीही मिनेसोटातच. तेथील शालेय विद्यार्थ्यांचा एक मोठा गट संशोधकांनी सुमारे पंधरा वर्षे नजरेखाली ठेवला. कुमारवयात ज्यांची वजनावरून टिंगल झाली होती, त्यांच्यात तिशीच्या सुमारास लठ्ठपणा अधिक आढळला. मूळचे वजन हिशेबात घेऊनही हा फरक उरला. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्या औषधाने रोग वाढतो ते औषध आपण घराघरांतून फुकट वाटत आलो आहोत.

असे का घडते, हे समजणे कठीण नाही. ज्याला पळताना पाहून लोक हसतात तो मैदानावर येत नाही. ज्याच्या ताटाकडे सारे पाहतात तो चारचौघांत कमी खातो आणि एकांतात अधिक खातो. आणि ज्याला दवाखान्यात बोलणी बसतात तो दवाखाना टाळतो. हा शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या, खोकला झाला म्हणून आलेल्या, कसल्याही तक्रारीसाठी आलेल्या तरुणाला ‘आधी वजन कमी कर’ एवढेच ऐकवून वाटेला लावले, तर मूळ विकार राहून जातो. रक्तदाब मोजण्याचा पट्टा जाड दंडाला लहान पडत असेल, तर रक्तदाब आहे त्यापेक्षा अधिक दाखविला जातो. म्हणजे येथे केवळ मन दुखावण्याचा प्रश्न नाही, निदानच चुकण्याचा आहे. मार्च २०२० मध्ये अनेक देशांतील वैद्यकीय संस्थांनी एकत्र येऊन वजनावरून होणारी अवहेलना थांबविण्यासाठी एक संयुक्त निवेदन काढले, त्यामागे हीच काळजी होती.

याचा अर्थ लठ्ठपणाकडे डोळेझाक करावी असा मुळीच नव्हे. मधुमेह, रक्तदाब, यकृतातील चरबी, झोपेत श्वास अडखळणे, वंध्यत्व, काही प्रकारचे कर्करोग यांचा लठ्ठपणाशी असलेला संबंध निर्विवाद आहे, आणि विशीत सुरू झालेल्या आजाराला शरीर पोखरण्यास अधिक वर्षे मिळतात. ‘जसे आहे तसे छान आहे’ एवढे म्हणून हात झटकणे हाही एक प्रकारचा निष्काळजीपणाच होय. उपचार आहेत, ते पायरीपायरीने घ्यावयाचे आहेत.

पहिली पायरी आहार, हालचाल आणि झोप यांची. येथे उद्दिष्ट माफक ठेवावे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना वजन केवळ ७ टक्के उतरविण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याजोगा व्यायाम करण्याचे ध्येय दिले होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलो वजनाच्या माणसाला हे सुमारे साडेपाच किलो होतात. जाहिरातीतील ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांसारखे ते दिसणार नाही, पण रक्तवाहिन्यांना त्याचा लाभ समजतो. त्यासाठी परदेशी खाद्यांची आवश्यकता नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी व मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, ताक हे आपल्या ताटात होतेच. तेल, साखर आणि मैदा यांचे प्रमाण मात्र उतरले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधानांनी घरातील खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन केले होते. त्याचा आरंभ स्वयंपाकघरातील तेलाच्या बरणीपासून, म्हणजे सर्व कुटुंबासाठी व्हावा. एकट्या जाड मुलीला वेगळे ताट आणि बाकीच्यांना भजी, ही घरगुती शिक्षा होय, उपचार नव्हे.

दुसरी पायरी औषधांची. या क्षेत्राचा इतिहास सावध करणारा आहे. फेनफ्ल्युरामाइन हे औषध हृदयाच्या झडपांना अपाय करते असे आढळल्याने अमेरिकेत ते १९९७ साली मागे घ्यावे लागले. सिब्युट्रामिन २०१० साली तेथील बाजारातून गेले. अलीकडील नवी औषधे निराळ्या जातीची आहेत. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करून ती भूक शमवितात. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. औषधाविना उपचार घेणाऱ्या गटात ते २.४ टक्केच उतरले. टिर्झेपटाइड हे औषध भारतात मार्च २०२५ मध्ये आणि लठ्ठपणासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये उपलब्ध झाले. परंतु ही औषधे थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचेही नोंदले गेले आहे. यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही. रक्तदाबाची गोळी थांबविल्यावर रक्तदाब वाढतो, तसाच हा दीर्घकालीन विकार आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास अनेकांना होतात. पित्ताशयाचे खडे व स्वादुपिंडाचा दाह यांचाही धोका असतो. गर्भधारणेचा विचार असेल तर ही औषधे वर्ज्य आहेत. लग्नाच्या शालूत मावण्यासाठी मैत्रिणीच्या सांगण्यावरून टोचून घेण्याची ही सुई नव्हे. डॉक्टरांनी तपासूनच ती द्यावयाची असते.

तिसरी पायरी शस्त्रक्रियेची. जठराचा आकार लहान करणाऱ्या अथवा अन्नाचा मार्ग बदलणाऱ्या या शस्त्रक्रियांसाठी २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी बीएमआय ३५ ही मर्यादा दिली असून आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असे म्हटले आहे. त्यानंतर आयुष्यभर जीवनसत्त्वांची काळजी व तपासण्या लागतात. ज्यांनी ही वाट निवडली त्यांना ‘सोपा मार्ग धरला’ असे म्हणणारे महाभागही भेटतात. पित्ताशय काढलेल्या माणसाला असे कोणी म्हणत नाही.

या तीन पायऱ्यांच्या बाहेर एक चौथी बाजारपेठ आहे. पट्टे, चूर्णे, चहा, पंधरा दिवसांत दहा किलो. लाज जितकी अधिक, तितका हा धंदा तेजीत, कारण लाजलेला ग्राहक तक्रार करीत नाही. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना प्रतिबंध करणारा १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा औषधांची जाहिरात करणे हाच गुन्हा होय, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अन्न व औषध प्रशासनाकडे त्याविरुद्ध तक्रार करता येते.

शासकीय आरोग्यसेवेत या वयोगटासाठी एक फट राहिली आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी आहे. असंसर्गजन्य रोगांची गावपातळीवरील तपासणी ३० वर्षे आणि त्यापुढील लोकांसाठी आहे. वीस ते एकोणतीस या वयाचा तरुण, म्हणजे नेमका वसतिगृहातला, अभ्यासिकेतला, रात्रपाळीतला, या दोहोंच्या मध्ये पडतो. त्याला कोणी बोलावणे धाडीत नाही. त्याने स्वतःहून जावे लागते. जिल्हा रुग्णालयातील असंसर्गजन्य रोग चिकित्सालयात वजन, रक्तदाब आणि रक्तशर्करा तपासून घेता येते. खाण्यावरचा ताबा सुटणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, आरशाची भीती वाटणे असे काही होत असेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

परंतु जो स्वतःहून जाणार, त्याचा पहिला अनुभव कसा असेल यावर तो पुन्हा येईल की नाही हे ठरते. त्याला फार खर्च लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी जी वैद्यकीय तपासणी होते, तेथे वजनकाटा रांगेच्या तोंडाशी असतो आणि आकडा मोठ्याने पुकारून पलीकडच्या टेबलावर लिहून घेतला जातो. तो काटा पडद्याआड नेता येईल. आकडा पुकारण्याऐवजी चिठ्ठीवर लिहून विद्यार्थ्याच्या हाती देता येईल. रक्तदाबाचा मोठा पट्टा आणि हात नसलेली एक रुंद खुर्ची तेथे ठेवता येईल. वजनाबद्दल बोलण्यापूर्वी, ‘या विषयावर बोलले तर चालेल का?’ असे विचारता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे जे स्वयंसेवक येथे उपस्थित आहेत, त्यांनी येत्या तपासणीच्या दिवशी पडद्याची आणि चिठ्ठ्यांची व्यवस्था आपल्याकडे मागून घ्यावी.